फेऱ्या वाढतात कोणासाठी?

एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. आज मुंबई-लंडन मार्ग गजबजलेला आहे. व्यापारी प्रवासी ऐनवेळी चढ्या दराने तिकीट काढतो आणि सोयीची वेळ मागतो. म्हणून कंपन्या तेथे फेऱ्या वाढवतात. नफ्याचे हे गणित त्यांनी खुशाल मांडावे. पण ते राष्ट्राचे धोरण होऊ शकत नाही!

वैनगंगेकाठच्या पवनीकराने मात्र काय करावे? शेजारच्या गोंदियातील बिरसी विमानतळावरून ‘उडान’ योजनेतील सेवा मार्च २०२२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी बंद पडली. पुढील सेवेसाठी डिसेंबर २०२३ उजाडला. प्रवासी नाहीत म्हणून फेरी नाही आणि फेरी नाही म्हणून प्रवासी नाहीत, हा न्याय कसला?

गजबजलेल्या देशांतर्गत मार्गांवर उड्डाणे करणाऱ्यांवर १९९४ च्या नियमांनी ईशान्य भारत, काश्मीर, अंदमानच्या सेवेचे बंधन घातले. भारतीय कंपन्यांच्या परदेशी फेऱ्या त्यातून सुटल्या. ही सूट आता संपली पाहिजे. लंडनची फेरी वाढवणाऱ्याने विदर्भाचेही ऋण फेडावे. विहीर खणल्यावाचून पाणी लागत नाही!