आंतरभारतीत राहून गेलेली भाषा

कापूस आणि चांदी या दोन गोष्टींनी खामगावचे नाव वऱ्हाडाबाहेर नेले. या दोन्ही धंद्यांत मोल आहे ते हाताला. चांदीवर नक्षी उमटविणारा कारागीर किंवा कापसाच्या गाठी वाहणारा हमाल कर्णबधिर असला, तरी त्याच्या कामात उणेपणा येण्याचे कारण नाही. परंतु मजुरीच्या हिशेबात चूक झाली, छातीत कळ आली किंवा न्यायालयात साक्ष देण्याचा प्रसंग आला की तो एकाएकी असहाय होतो. समोरचा मालक, डॉक्टर, वकील आणि, कबूल केलेच पाहिजे, कामगार संघटनेचा कार्यकर्ता यांच्यापैकी कोणालाही त्याची भाषा येत नसते. मग प्रश्न त्याच्या सोबत आलेल्या भावाला विचारला जातो. बोलणे त्याच्याविषयी होते, त्याच्याशी होत नाही.

या स्थितीला निसर्ग जबाबदार नाही. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिरांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून केवळ तोंडी बोलण्याचा आग्रह धरला. हा ठराव ऐकू येणाऱ्यांनी केला आणि त्याचे परिणाम भोगले ऐकू न येणाऱ्यांनी. जगभर पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हात हलवले म्हणून शिक्षा सोसल्या. त्याच परंपरेच्या परिषदेने या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला तो २०१० साली, म्हणजे तब्बल १३० वर्षांनी!

आपल्याकडेही अशा माणसाला ‘मुका’ म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. ऐकू येणारा माणूस भारतीय सांकेतिक भाषा शिकू लागतो, तेव्हा पहिल्या काही दिवसांतच हा शब्द खोटा ठरतो. या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ‘तू कुठे राहतोस?’ या प्रश्नातील ‘कुठे’ येथे वाक्याच्या शेवटी जातो. भूतकाळ खांद्यामागे आणि भविष्यकाळ पुढे दाखविला जातो. भुवयांची हालचाल हे प्रश्नचिन्हच असते. चेहरा कोरा ठेवणाऱ्याचे अर्धे व्याकरण गळून पडते. नवशिक्या स्वतःच्या बोटांकडे पाहत राहतो आणि समोरच्याचा चेहरा त्याच्या नजरेतून निसटतो. कागद चाळत चाळत दुसऱ्याचे गाऱ्हाणे ऐकण्याची सोय या भाषेत नाही. पाहिले नाही तर ऐकलेच नाही. अर्ज हातात घेऊन मान डोलावण्याची सवय जडलेल्या कार्यकर्त्याने हा धडा अवश्य घ्यावा.

याहून मोठा धडा वर्गाच्या रचनेत आहे. येथे शिकविणारा कर्णबधिर असतो आणि अडखळणारा, चुकणारा, हसे करून घेणारा असतो तो ऐकू येणारा. ज्याला जन्मभर अडाणी मानले गेले, त्याच्यापुढे सुशिक्षिताने अडाणी होऊन बसायचे, हा समतेचा संस्कार दहा व्याख्यानांनी होणार नाही.

‘कागदावर लिहून दाखवावे, एवढा खटाटोप कशाला?’ असे कोणी म्हणेल. पण ज्यांना त्यांच्या भाषेत शाळाच मिळाली नाही, त्यांच्यापैकी अनेकांना लिखित मराठी परकीच राहिली आहे. लोकांना न कळणाऱ्या भाषेत चालणारा कारभार ही लोकशाही नव्हे, असे डॉ. लोहिया इंग्रजीच्या संदर्भात सांगत असत. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले ते भारतीयांनी एकमेकांच्या भाषा प्रेमाने शिकाव्यात म्हणून. त्या भाषांच्या यादीत ही एक भाषा राहून गेली. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांतही तिला स्थान नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख लोकांना श्रवणदोष असल्याची नोंद झाली. ते सर्वच सांकेतिक भाषा वापरतात असे नाही. परंतु ज्यांची ती भाषा आहे त्यांचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. २०१५ साली दिल्लीत या भाषेसाठी संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि २०२१ पर्यंत त्याचा शब्दकोश १०,००० शब्दांवर गेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात एका कर्णबधिर वकील महिलेने दुभाष्याच्या साहाय्याने बाजू मांडली. दिल्लीला जे शक्य झाले ते खामगावच्या न्यायालयात आणि रुग्णालयात आपोआप उतरणार नाही. त्यासाठी जनतेचा रेटा लागेल.

चार महिने वर्गाला गेलेला कार्यकर्ता दुभाषी होत नाही, हेही विसरून चालणार नाही. न्यायालयात आणि रुग्णालयात प्रशिक्षित दुभाषीच हवा व तो शासनाच्या खर्चानेच हवा. ही मागणी पक्षाने लावून धरलीच पाहिजे. परंतु जी भाषा शिकण्याचे कष्ट आपण घेतले नाहीत, तिच्या हक्कासाठी दिलेल्या घोषणेला वजन येत नाही. पक्षाच्या शाखांनी, खामगावपासून आरंभ करून, आठवड्यातून एक संध्याकाळ या भाषेच्या वर्गासाठी द्यावी. शिक्षक कर्णबधिर असावा आणि त्याला रीतसर मानधन मिळावे. पुढच्या मे दिनाच्या सभेत व्यासपीठाजवळ दुभाषी उभा असावा आणि श्रोत्यांतून कर्णबधिर कामगाराने हात वर करून आपले गाऱ्हाणे स्वतःच मांडावे. त्या वेळी ते समजून घेणारी चार माणसे तरी आपल्यांत असली पाहिजेत.