दुर्मिळ, शिवकालीन, खात्रीशीर

‘शिवकालीन सोन्याचा होन. अत्यंत दुर्मिळ. वजन २.८ ग्रॅम. आजोबांच्या संग्रहातील. शंभर टक्के खात्रीशीर. माल परत घेतला जाणार नाही.’

या सहा वाक्यांवर विसंबून आम्ही, म्हणजे एकाच मराठी विभागातल्या तीन प्राध्यापकांनी, २०१९च्या फेब्रुवारीत साडेचार हजार रुपये खर्च केले. शिवजयंतीनिमित्त विभागात एक छोटेसे प्रदर्शन मांडायचे होते. मोडी कागदपत्रांच्या छायाप्रती जमल्या होत्या, ग्रंथालयातून बखरींच्या जुन्या आवृत्त्या मिळाल्या होत्या. एखादी ‘खरी’ वस्तू मात्र हवी होती. महाजालावरील त्या लिलावाची शेवटची दहा मिनिटे आम्ही स्टाफरूममधल्या एकाच संगणकाभोवती श्वास रोखून काढली. कोणी अज्ञात इसम दर वेळी शंभर रुपयांनी बोली चढवत होता आणि आम्ही दर वेळी त्याच्यावर मात करत होतो. तो अज्ञात इसम विक्रेताच असावा, ही शंका आम्हाला पुष्कळ नंतर आली.

होन आला, काचेच्या पेटीत लाल मखमलीवर विराजमान झाला. विद्यार्थ्यांनी रांग लावली, काहींनी पेटीला हात लावून नमस्कारही केला. दुसऱ्या दिवशी एक निवृत्त गृहस्थ आले. नाणी जमवण्याचा त्यांचा जुना छंद. त्यांनी बराच वेळ पेटीत पाहिले आणि इतर कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारले, ‘‘वजन केलंत का, सर?’’ संध्याकाळी आम्ही सराफ बाजारात गेलो. सराफाने कसोटीवर एक रेघ ओढली आणि होन परत आमच्या हातात ठेवला. पितळेवर मुलामा होता.

आता मौज अशी की, सराफाकडे जाण्याचीसुद्धा गरज नव्हती. त्या दिवसांत दहा ग्रॅम सोन्याचा भाव तीस हजारांच्या वर होता. म्हणजे विक्रेत्याने स्वतःच सांगितलेल्या वजनाचे नुसते सोने घ्यायचे म्हटले तरी आठ हजारांच्या पुढे मोजावे लागले असते. इतिहासाची किंमत शून्य धरली, तरीही साडेचार हजारांत तो होन सोन्याचा असणे शक्यच नव्हते. तिसरे वाक्य पहिल्या वाक्याला खोटे पाडत होते. एका परिच्छेदातला असा अंतर्विरोध आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या निबंधात ठेवला असता, तर आम्ही समासात लाल रेघ मारली असती.

या लेखाचे कारण ती लाल रेघच आहे. फसवणुकीच्या बातम्या रोज येतात आणि त्यांवर हळहळणे हे काही वाङ्मयाच्या अभ्यासकाचे खास काम नव्हे. परंतु विक्रीसाठी मांडलेल्या वस्तूचे वर्णन ही एक संहिता असते, आणि संहिता वाचणे हा तर आमचा व्यवसाय. एखाद्या पोथीचा काळ ठरवताना आम्ही भाषेचे रूप पाहतो, अक्षरवळण पाहतो, नकलेची परंपरा तपासतो. बखरीतला तपशील अस्सल पत्राशी ताडून पाहिल्याखेरीज स्वीकारत नाही. मग होन समोर आल्यावर ही सारी शिस्त कुठे गेली? आमच्या मते ती ‘शिवकालीन’ या एका विशेषणापुढे नतमस्तक झाली. आपल्याकडे काही शब्द माहिती देत नाहीत, ते वाचकाला हात जोडायला लावतात. आणि जोडलेल्या हातांत भिंग धरता येत नाही. विक्रेत्याला हे आमच्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक होते.

अशी वर्णने आम्ही त्यानंतर शेकड्यांनी वाचली. (हा छंद जडला खरा, खरेदी मात्र पुन्हा केली नाही.) त्यांची एक ठरीव शैली आहे. ‘मला यातले काही कळत नाही, फोटो पाहून आपणच ठरवा’ हे वाक्य वरवर नम्र दिसते. पण जो शीर्षकात ‘अत्यंत दुर्मिळ’ असे छातीठोक लिहितो, त्याला तळटीपेत अचानक काही कळेनासे कसे होते? ‘वाड्याच्या भिंतीत सापडले’, ‘शेत नांगरताना मिळाले’ ही तर लोककथेतलीच सुरुवात. १८७८च्या निखात निधीच्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तेव्हा नांगराची ही गोष्ट खरी असेल तर विक्रेता कायदा मोडल्याची कबुली देतो आहे, आणि खोटी असेल तर खोटेच बोलतो आहे. दोन्ही पक्षी त्याच्याकडून काही घेऊ नये.

हा प्रकार नाण्यांपुरताच आहे असेही नाही. आमच्यापैकी एकाच्या मामांना जुन्या खेळण्यातल्या आगगाड्यांचे वेड. इंग्लंडातल्या ‘हॉर्नबी’ कंपनीची किल्लीवर चालणारी पत्र्याची गाडी त्यांच्या लहानपणी घरात होती, तिच्या शोधात ते परदेशी लिलाव चाळत असतात. तिथेही तीच भाषा: आजोबांचा माळा, न उघडलेला खोका, ‘चालते की नाही तपासलेले नाही’. रंग नवा, खोका नव्याने छापलेला, वर्णन तेवढे जुने. या कंपनीची ‘डब्लो’ ही लहान मापाची मालिका १९३८ साली निघाली; म्हणून ‘१९३०ची डब्लो’ असे कुणी लिहिले की मामा पुढचे वाचतच नाहीत. एक तारीख पाठ असणे कधीकधी भिंगापेक्षा उपयोगी पडते.

नाण्यांच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. व्हिक्टोरिया राणीच्या चांदीच्या रुपयावर आधी ‘क्वीन’ असे पद असे, आणि १८७७पासून ‘एम्प्रेस’. तेव्हा ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस, १८६२’ असा रुपया कुणी दाखवला, तर छायाचित्र कितीही सुस्पष्ट असो, ती नाण्याची नव्हे, बनवणाऱ्याच्या अज्ञानाची प्रतिमा होय. अस्सल रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असते. वर्णनात वजन नसेल तर विचारावे, आणि विचारल्यावर विक्रेता रागावला तर उत्तर मिळाले असे समजावे. सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया विरळा म्हणून महाग, आणि म्हणूनच वर्णनांत तो वाजवीपेक्षा फार अधिक वेळा भेटतो.

‘ईस्ट इंडिया कंपनी’ असे इंग्रजीत लिहिलेली आणि पाठीमागे रामदरबार किंवा मारुती असलेली तांब्यापितळेची ‘नाणी’ तर घरोघरी आहेत. त्यांवरचे आकडे पाहा: १६१६, १७१७, १८१८. इतिहास इतका यमकबद्ध नसतो. १६१६ साली कंपनीपाशी मुंबईसुद्धा नव्हती. ती तिला मिळाली १६६८ मध्ये. १७१७ साली फर्रुखसियरने कंपनीला फर्मान दिले, हे खरे. पण त्यानंतर तिने मुंबईत जे रुपये पाडले त्यांवर मोगल बादशहाचेच नाव, आणि तेही फार्सीत. १८१८ हा आकडा मात्र आपल्याकडे चटकन पटतो, कारण पेशवाईचा अंत शाळेपासून आपल्याला पाठ असतो. अर्धवट आठवणारा इतिहास बनावटीला फार सोयीचा असतो. ही टोकने कोणी देवघरासाठी, कोणी ताईत म्हणून घेतली असतील. चलन म्हणून ती कोणत्याही टांकसाळीतून बाहेर पडलेली नाहीत.

याच्या उलट शिवराईची गोष्ट. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ ही अक्षरे असलेला हा तांब्याचा पैसा महाराजांच्या नंतरही दीर्घकाळ, पार पेशवाईच्या अखेरीपर्यंत पाडला जात होता. त्यामुळे त्याच्यात ‘सिव’, ‘सीव’, ‘पती’ असे पाठभेद सापडतात. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून अर्धी अक्षरे चकतीबाहेर राहिलेली दिसतात. दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ शिवराई तर उघडच उत्तरकालीन. पण विकताना सगळ्याच शिवराया ‘शिवकालीन’ होतात. येथे नाणे अस्सल असते, खोटे असते ते विशेषण. अशा शिवराईचे मोल मुळीच कमी नाही, उलट दीर्घकालीन लोकव्यवहाराचा तो पुरावा आहे. पण लोकव्यवहाराला गिऱ्हाईक नसते, राज्याभिषेकाला असते.

विद्यार्थ्यांना हे सांगताना आम्ही जोगलटेंभीपासून सुरुवात करतो. १९०६ साली आपल्या याच नाशिक जिल्ह्यात, गोदावरीकाठच्या त्या गावी तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हे पुन्हा ठोकलेली. चैत्याच्या आणि उज्जैनी चिन्हाच्या खालून पराभूत राजाचा चेहरा अजून डोकावतो, त्याच्या नावाची अक्षरे अर्धवट वाचता येतात. हे खाडाखोडीचे हस्तलिखितच नव्हे काय? एका लिलावात असेच एक नाणे ‘खराब, विद्रूप’ म्हणून स्वस्तात मांडलेले आम्ही पाहिले, आणि त्याच पानावर नहपानाचा गुळगुळीत, निष्कलंक चेहरा त्याच्या दसपट किमतीला. पहिले अस्सल होते की नाही हे छायाचित्रावरून आम्ही सांगणार नाही. पण दोहोंपैकी कोणत्यात वाचण्यासारखे काही होते, एवढे सांगू शकतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो आम्ही हलका मानत नाही. होनाची हकीकत आम्ही वर्गात सांगितली तेव्हा एक विद्यार्थी उठून म्हणाला, ‘‘सर, लोकांच्या मनात महाराजांविषयी प्रेम आहे म्हणून ते घेतात. तुम्ही त्यावर संशय घ्यायला शिकवता.’’ वर्गात शांतता पसरली. आमच्यापैकी ज्या बाई तो तास घेत होत्या, त्यांनी पितळी होन त्याच्या हातावर ठेवला आणि विचारले, ‘‘महाराजांच्या नावाने पितळ सोने म्हणून विकणाऱ्याचा राग तुला आधी यायला हवा की संशय घेणाऱ्याचा?’’ तो निरुत्तर झाला. मात्र त्याचे समाधान झाले असे आम्हाला वाटत नाही. भक्तीच्या वस्तूविषयी प्रश्न विचारण्याची सवय एका तासात लागत नाही. अभ्यासक्रमात पाठचिकित्सा हा भाग असतो, विद्यार्थी तो परीक्षेपुरता वाचतात आणि आम्ही तो परीक्षेपुरताच शिकवतो. हस्तलिखिताला लावायची कसोटी हातातल्या मोबाइलवरच्या मजकुरालाही लावायची असते, हे आम्ही कधी सांगितलेच नाही. नाशिकहून त्र्यंबककडे जाताना अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था १९८० सालापासून आहे. आम्ही तिथे सहली नेल्या, गटाची छायाचित्रे काढली आणि परत आलो. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८पासून नोटा छापल्या जातात, त्याचा तर केवढा अभिमान! आणि याच शहरातले तीन प्राध्यापक साडेचार हजारांच्या सोन्याला भुलले.

२०२२च्या दिवाळीनंतर निफाडकडच्या एका गावातला, द्वितीय वर्षात शिकणारा विद्यार्थी वडिलांना घेऊन विभागात आला. वडिलांनी रुमालाची गाठ सोडून एक पितळी चकती टेबलावर ठेवली. रामदरबार, ईस्ट इंडिया कंपनी, १८१८. असे नाणे पंचवीस लाखांना विकले गेल्याचे वर्णन त्यांनी मोबाइलवर वाचले होते. दिलेल्या क्रमांकावर फोन केला, तर गिऱ्हाईक लगेच तयार झाले. आधी नोंदणीचे अकराशे, मग जीएसटी, मग ‘रिझर्व्ह बँकेची मंजुरी’ असे करत सत्तावीस हजार गेले होते. त्या वर्षी द्राक्षांचे जे झाले होते त्यानंतर सत्तावीस हजार म्हणजे काय, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. आता समोरच्याने शेवटची अट घातली होती, ती तज्ज्ञाच्या दाखल्याची. कॉलेजच्या लेटरहेडवर ‘नाणे जुने आहे’ एवढेच आम्ही लिहून द्यावे.

जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, त्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केले होते. ते निवेदन आम्ही त्यांना वाचून दाखवले. सायबर तक्रारीचा १९३० हा क्रमांक मुलाने तिथेच बसून लावला. दाखला आम्ही दिला नाही. होनाची पेटी कपाटातून काढून टेबलावर मांडली आणि आमची स्वतःची गोष्ट सांगितली. वडील पहिल्यांदाच किंचित हसले.

मग चकती उचलत म्हणाले, ‘‘म्हणजे हे काहीच नाही का, सर?’’

बाई म्हणाल्या, ‘‘नाणं नाही, दादा. तुमच्याकडे आलं कुठून?’’

‘‘म्हातारीच्या देवघरातलं. तिला न विचारता आणलंय.’’ त्यांनी ती रुमालात पुन्हा गुंडाळली. १८१८मधल्या एका आठाच्या पोटात वाळलेले गंध बसले होते.