दुवा आणि दाखला

गेल्या महिन्यात आमच्या घरी माझ्या भाचीचे बिस्मिल्ला झाले. मूल ४ वर्षे, ४ महिने आणि ४ दिवसांचे झाले की त्याला अक्षराची ओळख करून देण्याचा हा समारंभ. हे काही धर्माने घालून दिलेले बंधन नव्हे, पण आपल्या देशातील अनेक मुस्लिम घरांतून ही चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नवा फ्रॉक, डोक्यावरून घसरणारी ओढणी आणि समोर पाटी. अब्बांच्या मागोमाग तिने बोबड्या स्वरात 'बिस्मिल्ला' म्हटले. अम्मांनी दोन्ही हात पसरून दुवा मागितली, "या अल्ला, माझ्या लेकराला इल्म दे, ईमान दे, नशीब चांगले दे."

अगदी हीच दुवा अम्मांनी माझ्या थोरल्या बहिणीसाठीही मागितली होती. ती वर्गात पहिली येई. पण जवळची शाळा आठवीलाच संपली आणि तिचा दाखला निघाला तो पुन्हा कुठेच गेला नाही. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा मुलांचा हात चौदाव्या वर्षापर्यंतच धरतो. नेमकी तेथेच आमच्या मुलींची वाट संपते.

"या लोकांना शिक्षणाची आवडच नाही," असे आपल्यातलेच काही मित्र सहज बोलून जातात. मित्रहो, आवड नसती तर विड्या वळून माझ्या पुस्तकांचे पैसे अम्मांनी कशाला जमवले असते? त्यांच्या मायेत खोट नव्हती. उणी पडली ती हिंमत. लांबची शाळा, रिक्षाचे भाडे, रस्त्यावरची टवाळी आणि मोहल्ल्यातील बोलणी यांपुढे दुवा एकटी पडली.

म्हणून मला आपल्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे विचारावेसे वाटते: जन्मल्याबरोबर बाळाच्या कानात अजान देतात, ती मुलाला एक आणि मुलीला दुसरी अशी असते काय? पैगंबरांना झालेल्या साक्षात्काराचा पहिला शब्द 'वाच' असा होता, हे आपणच आम्हांला शिकवले ना? सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. मुलींच्या शिक्षणाच्या कामात आपलीही एक लेक तेव्हापासून उभी आहे.

आणि प्राध्यापकांना व मित्रांना एवढेच सांगणे, की मधूनच वर्गातून नाहीशा होणाऱ्या मुलीच्या घरी एकदा तरी जाऊन या. परके माणूस आपल्या लेकीची चौकशी करते, हे पाहून बापाचे अर्धे भय जाते.

त्या दिवशी पाहुणे पांगल्यावर बहीण पाटी पुसत म्हणाली, "अम्मा, दुवा तू मागत राहा. हिचा दाखला मात्र मी कुणाला काढू देणार नाही."

अम्मा काहीच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "आमीन."

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला