समजून घ्या : शिडाच्या बोटीचा ‘पोलर’ आराखड्यातून नव्हे, पाण्यातून यावा

दरेकसा (जि. गोंदिया) : रिकामी मालगाडी आणि कोळशाने भरलेली मालगाडी दरेकसाच्या चढावर सारखी धावत नाही, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. इंजिन तेच, रूळ तेच. वजन आणि चढ बदलला की वेग बदलतो. शिडाच्या बोटीचेही तसेच. तिथे चढाच्या जागी वारा असतो.

पोलर म्हणजे काय?

वाऱ्याचा वेग आणि बोटीशी होणारा त्याचा कोन दिला, की बोट किती नॉटने धावेल हे सांगणारा तक्ता म्हणजे पोलर. समजा, 12 नॉट वारा काटकोनात आला तर वेग 8 नॉट. एक्सपिडिशन, ॲड्रेना किंवा मोफत मिळणारे ओपनसीपीएन अशी सॉफ्टवेअर हा तक्ता हवामानाच्या अंदाजाशी जोडतात आणि सर्वांत कमी वेळेचा मार्ग काढून देतात.

घोळ कुठे होतो?

आराखडा करणाऱ्याने दिलेला पोलर आदर्श बोटीचा असतो : तळ स्वच्छ, शिडे नवी, समुद्र शांत. नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या 56 फुटी बोटी एकाच डच आराखड्यावर गोव्याच्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधल्या गेल्या. तरीही एकीचा तक्ता दुसरीला डोळे झाकून लावता येणार नाही. पाणी, डिझेल, महिन्यांचा शिधा, जुने झालेले शीड, सगळ्याचा हिशेब वेगात उतरतो.

‘तारिणी’ जानेवारी 2023 मध्ये केपटाऊन ते रिओ शर्यतीत उतरली होती. हे अंतर सुमारे 3,300 सागरी मैल. सरासरी 8 नॉट धरले तर 412 तास. प्रत्यक्षात 10 टक्के कमी, म्हणजे 7.2 नॉट मिळाले तर 458 तास. जवळपास दोन दिवसांचा फरक! तोवर ज्या वाऱ्याच्या भरवशावर मार्ग आखला तो निघून गेलेला असतो. दक्षिण महासागरात तर अशी चूक थेट वादळाच्या तोंडी नेऊ शकते. म्हणूनच फुगवलेला पोलर नसलेल्या पोलरपेक्षा वाईट, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग तो बनवायचा कसा?

डोलकाठीवरचे यंत्र जो वारा मोजते तो ‘भासमान’ वारा. दुचाकीवर तोंडाला लागतो तसा. त्यातून बोटीचा वेग वजा करून खरा वारा काढावा लागतो. वेगही पाण्यातलाच घ्यायचा. जीपीएसच्या आकड्यात प्रवाह मिसळलेला असतो आणि तो वेगळा न करता तक्ता भरला, की प्रवाहाचे श्रेय बोटीला मिळते.

मग चाळणी. इंजिन चालू असतानाच्या, वळण घेतानाच्या, त्यानंतर वेग सावरेपर्यंतच्या नोंदी फेकून द्यायच्या. उरलेल्या वारा आणि कोनाच्या खणांत टाकायच्या. खणातला सर्वांत मोठा आकडा उचलण्याचा मोह टाळायचा. तो बहुधा लाटेवरून घसरतानाचा क्षण असतो. मी तरी मधला आकडा घेईन. डाव्या आणि उजव्या बाजूचे आकडे सतत वेगळे येत असतील, तर आधी वाऱ्याचे यंत्र वाकडे बसले आहे का ते पाहावे. रात्रीचा तक्ता वेगळा ठेवला तर उत्तमच. अंधारात दमलेले दोघे शिडे दिवसाइतक्या तत्परतेने बदलत नाहीत.

यात महागडे असे काही नाही. नोंदी हाती असतील तर स्प्रेडशीट पुरते.

अडते ते नोंदींपाशी. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ‘तारिणी’ने 2017-18 आणि 2024-25 मध्ये महिला अधिकाऱ्यांसह दोनदा. अशा मोहिमांतील वारा, कोन आणि वेगाच्या नोंदी, हवे तर बोटीचे स्थान वगळून, नौदलाने अभियांत्रिकी महाविद्यालयांना द्याव्यात. गोंदियातला विद्यार्थीसुद्धा त्यावर भारतीय बोटीचा पोलर तयार करू शकेल, अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून.