लहान संगणकाचें स्थलांतर वेळींच करावें

रास्पबेरी पाय नांवाचा, पत्त्याच्या पानाएवढा संगणक सन २०१२ मध्यें इंग्लंडांत प्रथम विक्रीस आला. किंमत अल्प व वीज थोडी, म्हणून हवामान, जमिनींतील ओलावा व पंपाचे तास यांची नोंद ठेवण्याच्या कामीं तो शेतकऱ्यांसही उपयोगीं पडतो. ज्या बंधूंनीं तो लावला आहे त्यांस आमची आग्रहाची सूचना आहे कीं, त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्र चालविणारी मूळ प्रणाली, मेमरी कार्डावरून सॉलिड स्टेट ड्राइव्हवर वेळींच हलवावी.

याचें कारण उघड आहे. नखाएवढ्या कार्डांतील प्रत्येक कप्पा ठराविक वेळांच पुसून पुन्हां लिहितां येतो. दर मिनिटास नोंद करणारें यंत्र त्यास रात्रंदिवस झिजवीत असतें. त्यांतच लिहिणें चालूं असतां वीज गेली तर फाईली बिघडण्याचें भय असतें. कार्ड बाजारांत पुन्हां मिळेल. हंगामभराची नोंद कोणत्याही दुकानांत मिळणार नाहीं. ड्राइव्हही झिजतो, परंतु तो झीज मोठ्या जागेवर वांटून घेतो व कामही अधिक वेगानें करतो.

कोणी म्हणतील, चालतें यंत्र कां छेडावें? त्यांस आमचें उत्तर असें कीं, घरचें बीं उभ्या पिकांतूनच निवडावें लागतें. पीक गेल्यावर निवडावयास कांहीं उरत नाहीं.

काम फारसें अवघड नाहीं. प्रथम नोंद करणारा प्रोग्राम बंद करावा, म्हणजे अर्धवट लिहिलेली नोंद नकलेंत येणार नाहीं. ड्राइव्ह यूएसबीनें जोडून प्रणालीबरोबर मिळणाऱ्या 'एसडी कार्ड कॉपिअर' या साधनानें नक्कल काढावी. ज्या ड्राइव्हवर नक्कल उतरते त्यावरील पूर्वीचें सर्व पुसलें जातें. यास्तव त्याचें नांव व आकार दोनदां ताडून पाहावा. नंतर यंत्र रीतसर बंद करून कार्ड काढावें व तें केवळ ड्राइव्हवर सुरू करून पाहावें. २०१९ सालच्या चौथ्या आवृत्तींतील आरंभींच्या यंत्रांचा बूटलोडर आधीं अद्ययावत करावा लागतो. त्या यंत्रास ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर असावा; वीज कमी पडल्यास ड्राइव्ह मध्येंच तुटतो.

जुनें कार्ड मात्र लगेच पुसूं नये. नव्या ड्राइव्हवर कांहीं आठवडे नोंद सलग होत आहे अशी खात्री होईपर्यंत तें राखीव बियाण्यासारखें जपून ठेवावें. शिवाय ड्राइव्ह कितीही चांगला असला तरी ती एकच प्रत होय. नोंदींची दुसरी प्रत दुसऱ्या जागीं असलीच पाहिजे.

मृगाच्या सरींपूर्वीं थोडी सवड असते. तेव्हांच सोसायट्यांनीं एखाद्या जाणत्या तरुणाकडून सभासदांचीं यंत्रें तपासून घ्यावीं. खरीप उभा राहिल्यावर या कामास कोणासही उसंत मिळत नाहीं, आणि नोंदीची खरी गरज तर तेव्हांच असते.