लेकरं कोणापाशी ठेवली?

आईबापांनी मुलांना मागे ठेवून जाण्याला आपल्याकडे कोणाचाच विरोध नाही. विरोध आहे तो मजेसाठी जाण्याला, आणि त्यातही नवरा-बायकोनं दोघंच जाण्याला. हे एवढं लोकांनी उघड कबूल केलं असतं तर पुढचं काही लिहायची गरज नव्हती. पण ते कबूल करत नाहीत. ते मुलांचं नाव पुढे करतात.

माझ्या मोठ्या बहिणीचंच घ्या. ती आणि जिजाजी हिंगणघाटला राहतात. दोघं नोकरी करतात, लग्नाला दहा वर्षं झाली, आठ आणि चार वर्षांची दोन मुलं आहेत. मागच्या हिवाळ्यात दोघं मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर तीन रात्री राहून आले. मुलं आर्वी तालुक्यात आमच्या आईबाबांकडे होती. ताईनं डेकवरचा एक फोटो स्टेटसला ठेवला, जिजाजींनीही तोच ठेवला. जिजाजींना आलेले मेसेज असे: 'भारी!', 'पॅकेज कितीत पडलं?', 'आम्हालेही सांगा नं भाऊ.' ताईला आलेले असे: 'लेकरं कोणापाशी ठेवली व?', 'लहाना राहते का तुह्याबिना?' एका मावशीनं तर ताईला काहीच न विचारता थेट आईला फोन लावला. 'काहून व, इतकं काय समुद्र पाहाचं पडलं होतं तिले?'

फोटो एकच, जहाज एकच, मुलंही दोघांची तीच. प्रश्न मात्र एकीलाच.

(क्रूझ म्हटलं की आमच्या नातेवाईकांना 2021 च्या ऑक्टोबरमधली धाड आठवते. 'तेच नं, शाहरुखच्या पोट्ट्याचं?' त्या पोट्ट्याविरुद्ध पुढे आरोपपत्रसुद्धा दाखल झालं नाही, हे कोणाला आठवत नाही. असो.)

आता आपण मुलांना कुठे कुठे सोडतो ते पाहू. सहावीत गेलेलं पोरगं सेलुकाट्याच्या नवोदयला लागलं की आपण पेढे वाटतो. अकरा वर्षांचं लेकरू सुट्टीपर्यंत घरी झोपणार नाही, रात्री ताप आला तर आई जवळ नसणार, आणि गल्लीतली प्रत्येक बाई म्हणते, 'नशीब काढलं पोरानं.' दहावी झाली की मुलगी नागपूर, लातूर नाहीतर कोटा इथल्या होस्टेलवर. त्या काळात ती किती रडली याचा हिशेब कोणी मागत नाही, मागतात ते मार्क. शिक्षक नवरा-बायकोची बदली गडचिरोलीला झाली की मुलं वर्ध्यात आजीकडे राहतात, त्याला आपण 'मुलांच्या शिक्षणासाठी केलेला त्याग' म्हणतो. लग्न, मौत, तेरवी, महादेवाची यात्रा, पंढरपूर, शेगाव, या सगळ्यांसाठी मुलं शेजारणीकडेसुद्धा ठेवून जाता येतात.

आणि कापूस. दिवाळीच्या आसपास वेचणी लागली की आमच्या गावातल्या कितीतरी बाया सकाळीच निघतात. मजुरी किलोवर असते, म्हणजे मुलाकडे पाहण्यात गेलेला वेळ थेट पैशातून कापला जातो. तान्हं मूल धुऱ्यावरच्या झाडाखाली झोळीत, त्याच्यावर लक्ष ठेवायला पाच वर्षांची बहीण. त्या आईला 'लेकरं कोणापाशी ठेवली?' असं ओट्यावर बसलेल्या एकाही माणसानं विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. तिथे हा प्रश्न खरंच विचारायला हवा, सरकारला, शेतमालकाला, ग्रामपंचायतीला. मुलांची एवढी काळजी असणाऱ्यांनी तिथून सुरुवात केली असती तर मी त्यांच्या पाया पडलो असतो.

वर्धा जिल्ह्यात वाद वाढला की कोणीतरी बापूंना आणतंच. या वेळी मीच आणतो. 18 जुलै 1914 ला गांधीजी आणि कस्तुरबा केपटाऊनहून 'किनफॉन्स कॅसल' नावाच्या बोटीनं इंग्लंडला निघाले. सोबत हर्मन कॅलनबाख हे मित्र होते. तिकीट तिसऱ्या वर्गाचं, खायला फळं आणि सुकामेवा. मुलं सोबत नव्हती. रामदास आणि देवदास फिनिक्स आश्रमातल्या मंडळींबरोबर वेगळे हिंदुस्थानात आले आणि पुढे शांतिनिकेतनात राहिले. देवदास तेव्हा चौदा वर्षांचा होता. आईबाप मुंबईला उतरले ते 9 जानेवारी 1915 ला, म्हणजे जवळपास सहा महिन्यांनी. त्याआधी 1888 मध्ये मोहनदास गांधी एकटे बॅरिस्टर व्हायला निघाले तेव्हा हरिलाल काही महिन्यांचा होता.

ती काही सहल नव्हती हे मला माहीत आहे. ब्रह्मचर्याचं व्रत 1906 मध्येच घेऊन झालं होतं, आणि लंडनला जायचं ते गोखल्यांना भेटायला. याच बोटीवर कॅलनबाख यांच्याजवळची महागडी दुर्बीण साध्या राहणीत बसत नाही म्हणून समुद्रात टाकली गेली. आजच्या क्रूझवरचा बुफे पाहून बापूंनी काय काय समुद्रात टाकलं असतं ते देव जाणे. पण माझा मुद्दा साधा आहे. सेवाग्रामला बा-कुटीसमोर उभं राहून 'देवदासला कोणापाशी ठेवलं होतं?' असं विचारणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. कारण ते कामासाठी गेले होते. काम, देव, परीक्षा, पैसा, देश, यांतलं काहीही सांगा, मुलांना ठेवून जायची परवानगी मिळते. 'आम्हाला दोघांना तीन दिवस निवांत बसायचं होतं' हे कारण सांगितलं की मिळत नाही. म्हणजे मुलांच्या जिवाची काळजी हा मुद्दा कधीच नव्हता.

यावर थोडं शहाणं उत्तर येतं: 'मग मुलांनाही न्यायचं नं, क्रूझवर त्यांच्यासाठी खेळायची जागा असते.' असते. पण मुलांना नेलं की ती वेगळी सहल होते, तीही चांगली, ती ताईनं आधी केलेली आहे. महाबळेश्वरला तिनं घोडा पाहिला, भेळ पाहिली, कोणाला शू लागली ते पाहिलं. नवऱ्याशी सलग दहा मिनिटं बोलली नाही. घरी असतानाही त्यांचं बोलणं म्हणजे फी, गॅस, डॉक्टर, उद्या डब्याला काय. मग दोघं वेगवेगळ्या बाजूला मोबाइल घेऊन झोपतात. हे भांडण नाही, दुःखही नाही. नुसतं संपत जाणं आहे.

दुसरं उत्तर वडीलधाऱ्यांचं असतं: 'पोरं मोठी होऊ द्या, मग फिरा जिंदगीभर.' याचा निकाल मला माझ्याच घरी दिसतो. आईबाबा लग्नानंतर एकदा पचमढीला गेले होते, एका जीपमध्ये अकरा जण, त्यात दोन आत्या. दोघंच असे कुठेही नाहीत. आम्ही मोठे झालो, ताई हिंगणघाटला गेली, मी पुण्याला आलो. आता त्यांना वेळच वेळ आहे. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लागतात आणि मधूनमधून आवाज येतात: मोटार बंद केली का? गोळी घेतली का? दोघं भली माणसं आहेत, एकमेकांसाठी जीव देतील. पण गप्पा मारायची सवयच लागली नाही, कारण जवळपास तीस वर्षं मध्ये आम्ही बसलो होतो. आईचे गुडघे आता जहाजाच्या जिन्याला तयार नाहीत. 'मग' नावाचं ते वय आलं तेव्हा हे असं आलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादा माणूस रजेवर गेला की सिस्टिम बंद पडत असेल, तर त्या माणसाचं कौतुक होत नाही, सिस्टिम वाईट बांधली आहे असं म्हणतात. ज्या घरात आई तीन दिवस नसली तर मुलं जेवत नाहीत, त्या घराला आपण 'मायेचं घर' म्हणतो.

आता मात्र आमच्या बाजूच्या लोकांकडे वळतो, कारण लबाडी इकडेही आहे. क्रूझवर कॉकटेल हातात धरून 'स्वतःसाठी वेळ काढायला शिका' असं लिहिणारे जे असतात ना, त्यांच्या फोटोत न दिसणारी एक बाई असते. ती म्हणजे आजी. 'आईला तर आवडतंच नातवंडं आली की' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्याचा वास येतो. आवडतं, खरं आहे. पण आवडतं म्हणून श्रम कमी होत नाहीत. अमेरिकेतली मराठी जोडपी बाळंतपणाला आईला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतात आणि एका शनिवारी तिला धबधबा दाखवून आणतात, तेव्हाही हेच वाक्य असतं.

आमच्याकडे त्या तीन दिवसांत आई पाचला उठत होती. मोठ्याला भाजी चालत नाही, धाकट्याला दूध चालत नाही, बाबांचं पथ्य वेगळं. दुसऱ्या रात्री धाकट्याला ताप आला. जहाज समुद्रात, फोनला रेंज नाही, आईनं मेसेजही टाकला नाही. 'उगीच काहाले तिचा जीव खाली-वर कराचा?' सिरप दिलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, रात्रभर बसली. सकाळी ताप उतरला. ही बातमी मावशीकडे पोहोचली आणि सगळ्या कुटुंबाला जणू कोर्टाचा निकाल मिळाला: 'पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?' अरे, चार वर्षांच्या पोराला ताप आई घरात असतानाही येतो. यंदाच्या पावसाळ्यात तीनदा आला. तेव्हा कोणी निकाल दिला नव्हता.

पण त्या रात्री कोण बसलं होतं, याचं उत्तर ताईच्या सुट्टीच्या खर्चात कुठेही धरलेलं नव्हतं, आणि हे मी तिला सांगितलं. तिला राग आला. मग तिनं आईला पैसे देऊ केले, आईला राग आला. सध्या ठरलंय ते एवढं: पुढच्या वेळी आधी आईला विचारायचं, तारीख ठरवून मग कळवायचं नाही. आई नाही म्हणाली तर नाही. आणि त्या दिवसांत स्वयंपाकाला गावातली एक बाई लावायची, पैसे ताईनं द्यायचे. आईनं 'माह्या चुलीपाशी दुसरी बाई काहाले?' म्हणून पाहिलं. तो वाद अजून चालू आहे.

या सगळ्या गोंधळात एका माणसाचं नाव कोणीच घेतलं नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तो म्हणजे मामा. मराठी घरांनी मुलांना आईबापांशिवाय महिना-महिना ठेवायची एक सुरेख पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालवली आहे, उन्हाळ्याची सुट्टी मामाच्या गावाला. गोष्टींत, गाण्यांत, शाळेच्या निबंधांत ती आहे. त्या महिन्यात मुलं आईबापांविना मजेत राहायची आणि कोणाचंही मातृत्व धोक्यात यायचं नाही. फक्त नाव मामाचं असायचं, पोळ्या मामीनं आणि आजीनं लाटायच्या. मामा संध्याकाळी आंबे घेऊन यायचा आणि लाडका व्हायचा.

मी अविवाहित आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो, कुकर लावता येतो. तरीही मुलं कोणाकडे ठेवायची यावर दोन आठवडे फोनाफोनी झाली, त्यात आई, ताईच्या सासूबाई, एक काकू, शेजारच्या ताई अशी चार नावं निघाली. चारही बायका. मला कोणी विचारलं नाही, जिजाजींच्या भावालाही नाही, आणि आम्हा दोघांना विचारायला हवं होतं असं विचारणाऱ्यांपैकी कोणाला वाटलंही नाही. बाबा त्याच घरात होते. त्या रात्री ते झोपले होते.

तर मेमध्ये दोघं भाचे सहा दिवस माझ्याकडे पुण्याला येणार आहेत. ताई-जिजाजी कुठे जाणार ते त्यांनी मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. रजेचा अर्ज टाकला तेव्हा मॅनेजरनं कारण विचारलं. 'बहिणीची मुलं सांभाळायची आहेत' म्हटल्यावर तो म्हणाला, 'का, त्यांच्या आईला बरं नाही का?' मी म्हटलं, बरी आहे, फिरायला चाललीये. रजा मंजूर झाली. आईनं फोनवर यादी लिहून घ्यायला लावली: धाकट्याला पातळ वरण लागते, मोठ्याच्या ताटात वांगं दिसलं तर तो जेवत नाही, दोघायच्या मधात उशी ठेवजो, लाता मारतात.