पोरं कॉम्प्युटर शिकली म्हणजे काय शिकली?

धुळ्यात यंत्रमागाच्या गल्लीतून जा नाहीतर जळगावच्या कुठल्याही मोहल्ल्यातून, कॉम्प्युटर क्लासची पाटी दिसतेच. पोरगा आत जातो आणि काही महिन्यांनी एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट घेऊन बाहेर येतो. अब्बा खूश. पण शिकला काय? पत्र टाइप करायला, तक्ता भरायला, ईमेल पाठवायला. सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागतं, तेव्हा जरूर घ्या. फक्त त्याला कॉम्प्युटर शिकणं म्हणू नका.

१९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी बेसिक ही भाषा तयार केली. ती इंजिनिअरांसाठी नव्हती. साहित्य, इतिहास शिकणाऱ्या पोरांनाही यंत्राला काम सांगता यावं, हा त्यांचा हट्ट होता. पुढे घरगुती कॉम्प्युटर आले ते ही भाषा पोटात घेऊनच. १९८४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ योजनेतून काही शाळांना दिलेला बीबीसी मायक्रो त्यातलाच. मेमरी अवघी ३२ केबी. बटण दाबलं की पडद्यावर ‘बेसिक’ असा शब्द यायचा आणि त्याखाली मोकळी जागा. जणू विचारतोय, सांग, काय करू?

आमच्या शाळेत पुढे कधीतरी कॉम्प्युटर आला तेव्हा तो कव्हरखाली झाकलेला असायचा. चपला बाहेर काढून, हात मागे बांधून आम्ही त्याची जियारत केली. हात लावला एकट्या क्लार्कसाहेबांनी.

आज फोनवर पायथन फुकट चालते. तरी आपलेच मास्तर म्हणतात, “उर्दू मीडियमच्या पोरांना इंग्रजी कुठे येतं?” अहो, प्रिंट, इनपुट, इफ, देन, गोटू. एवढ्या शब्दांत बेसिकमध्ये पाढे छापून होतात. मकतबात अरबी वाचणारी, शाळेत उर्दू लिहिणारी, बाजारात मराठी आणि शेजारी अहिराणी बोलणारी पोरगी, तिला दहा इंग्रजी शब्द जड जातील? आणि ज्याच्या घरात दिवसभर तेच धोटं इकडून तिकडे धावतं, त्याला ‘हेच पुन्हा कर’ ही आज्ञा समजणार नाही? कमी पडतेय ती मास्तरांची हिंमत, आणि आपली विचारायची सवय.

तेव्हा पुढच्या वेळी फी भरण्याआधी क्लासवाल्याला एवढंच विचारा: सतराचा पाढा छापणारा प्रोग्राम माझी मुलगी स्वतः कोणत्या दिवशी लिहील?